वादळात बाळ कुठं होतं

आशाताई दारात आल्या की आधी रजिस्टर उघडत नसत. उंबऱ्यावर टेकत, पदरानं मान पुसत आणि घरातल्या बाईला विचारत, "रातच्याला काय दिसलं गं सपनात?"

आमच्या बोरीतल्या या आशा कार्यकर्तीला सगळे आशाताईच म्हणायचे. खरं नाव रजिस्टरातच राहिलं. बाया लसीची तारीख विसरत, स्वप्न मात्र बारकाव्यानिशी सांगत. वावटळीत पत्रे उडाले, गारांनी कौलं फुटली, वीज पडून गोठा पेटला. ताई अर्थ सांगत नसत. एवढंच विचारत, "तवा तू कुठं व्हतीस? संगं कोण व्हतं?"

मला याचा संताप यायचा. माझे वडील विहारापुढं अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. मग मीही एक पत्रक काढलं: 'स्वप्न विचारणे ही अंधश्रद्धा आहे. सांगू नका, विचारू देऊ नका.' घरोघरी टाकलं. एक ताईंच्याही हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"झ्याक लिवलंस. एक चूक न्हाई." मग कागदाची घडी घातली. "पर मी शकुन बघती, असं तुला कोण म्हणलं? सासूपुढं कोण सून म्हणती, मला लय तरास हाय? सपनात वादळ आलं, एवढं म्हणती. भ्यायलेली असली तर त्यात पळत असती. चिडलेली असली तर उभी ऱ्हाऊन बघती. त्याच्यावरून मला कळतंय, कुणाच्या घरी परत जायचं."

"मग सरळच विचारा ना."

"तू विचारून बघ की. तुझ्याच घरात."

घरात माझी वहिनी होती, दीड महिन्याची बाळंतीण. बोलणं कमी झालं होतं, जेवण त्याहून कमी. मी सरळ विचारलं. "बरी हाय की मी, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांच्या रीतीनं विचारलं. वहिनी म्हणाली, "सपनाचं न्हाई सांगत, ताई. आमच्या भाऊजीनंच लिवलंय तसं."

ताई माझ्याकडं वळल्या. "मग तूच सांग तुझं."

माझ्याच पत्रकाविरुद्ध जात होतो. पण सांगितलं: सुसाट वारं सुटलंय, माझे सगळे कागद उडालेत आणि मी त्या वाऱ्यालाच भाषण ठोकतोय. वहिनी हसली. कित्येक दिवसांनी. हसता हसता म्हणाली, "माझ्यात तर पत्रेच उडायलेत. सगळे बाहीर पळाले."

"आन् बाळ?"

"आत. पाळण्यात." हसू गेलं. "मी दारात उभी. मला आत जावंच वाटंना, ताई."

ताईंनी तिचा हात धरला. "वाईट आई हाईस म्हणून न्हाई दिसलं ते. आजार हाय. त्याला औषध हाय." माझ्या आईला त्यांनी 'बाळाला दाखवून आणती' एवढंच सांगितलं आणि त्याच दुपारी वहिनीला आणि बाळाला परभणीच्या दवाखान्यात नेलं. औषधं बरेच महिने चालली. हळूहळू वहिनी कुणी न सांगता पोरीला उचलून घेऊ लागली.

ताई आता बोरीत नाहीत. गुडघे गेले, तशा नांदेडला लेकीकडं गेल्या. नव्या बाई मोबाइलवर फॉर्म भरतात. उदास वाटते का? हो किंवा नाही. तुमच्याही दारात हा प्रश्न आला असेल. आमच्याकडं सगळ्या बाया नाहीच म्हणतात.

मी त्या फॉर्मविरुद्ध कडक पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी वहिनीला वाचून दाखवलं. पोरीला घास भरवत तिनं सगळं ऐकलं.

"भाऊजी, ह्यात तुमी नुसतं सांगायलात. एका तरी बाईला काही विचारलंय का?"

ते पत्रक अजून छापलेलं नाही.