टाळूचे केस

आमचा बुढा मारोतराव. बाभुळगावात कोणाचं बारसं असो का शोकसभा, माइक दिसला का हा उठलाच. घरातला नळ टपकते ते त्याले दिसत नाही, पण समाजाचं दुःख बरोबर दिसते. असा थोर मानूस! अन् यंदा जयंतीच्या कार्यक्रमात आमची नात प्रियंका 'माझी आदर्श व्यक्ती' म्हणून याच्यावरच भाषण देणार होती.

मंग काय, बुढा फुगला. खाटेवर तंगडीवर तंगडी टाकून तिले सांगून राह्यला, "लिव्ह, विहार बांधताना मारोतरावांनी डोक्यावर रेतीची घमेली वाहिली." मी भाकर थापत होती. हात थांबला माहा. घमेली म्हणे! लाज कशी वाटत नाही या मानसाले?

थोड्या वेळानं पोरगी माह्यापाशी आली. "आजी, सर म्हणतेत, ज्यायनं डोळ्यानं पाह्यलं त्यायले विचारा. तू सांग." मले इतकं बरं वाटलं! तिची माय लहानपणीच गेली, माह्याच हातची पोरगी. म्हटलं, हे तरी बुढ्यावर नाही गेली.

सांगतलं मी सारं. विहाराचं श्रमदान वस्तीतल्या आम्ही बायायनं केलं. नाल्यातली रेती वाहू वाहू माह्या टाळूचे केस गेले. बुढा सावलीत खुर्ची टाकून बसे. एक दिवस फोटोवाला आला, तसा हा धावला अन् माह्या डोक्यावरचं घमेलं उतरवलं. जड लागलं, तं रेती खाली ओतून देल्ली. रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन फोटो काढला, अन् मले म्हणे, "घे प्रभावती, भर परत." प्रियंका पोट धरधरून हसली.

जयंतीले मी नवं लुगडं नेसून पुढंच बसली. म्हटलं, आज निघते बुढ्याची हवा.

पोरगी माइकपाशी गेली. आवाज खणखणीत. "माझ्या आजोबांनी रेतीची घमेली वाहिली. वाहून वाहून त्यांच्या टाळूचे केस गेले!"

माय वं! हे तं बुढ्यालेही सुचलं नव्हतं. अन् त्या निलाजऱ्यानं उठून, टक्कल पुढं करून साऱ्यायले नमस्कार केला. टाळ्याच टाळ्या! माह्यासंगं रेती वाहणाऱ्या बायाही वाजवून राह्यल्या होत्या. येड्या कुठल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "काहून वं? केस कोणाचे गेले?"

"तुह्यावर कोण टाळ्या वाजवते, आजी?" ती म्हणे, अन् मोबाइलवर आपल्याच भाषणाचा व्हिडिओ पाहत बसली. बुढा बाजूले बसून मान डोलवत होता.

थू तुमच्या भाषणावर! नवरा माह्या बापानं गळ्यात बांधला होता, त्याच्या नावानं जन्मभर बोटं मोडली. पण हे पोरगी तं मी वाढवली.