काळ्या मुसळीची ओळख

निवृत्तीनंतर मी रानफुलं ओळखायचा नाद लावून घेतला. गेल्या पावसाळ्यात आमच्या काजूच्या बागेत, गवतात अगदी जमिनीलगत, सहा पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं. मोबाइलमधल्या ॲपने ते आधी परदेशी लिली ठरवलं, दुसऱ्यांदा चक्क कांद्याची पात. मग मी फुलप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. तिथल्या एका जाणकार बाईंनी लिहिलं, "काळी मुसळी वाटते. कंद काळा असेल तर नक्कीच. आपलीच आहे, त्याच कंदातून दरवर्षी उगवते."

नुसतं 'वाटते' म्हटल्यावर मला चैन पडेना. कुदळ आणून मी रोप मुळासकट उकरून काढलं. कंद लांबट आणि बाहेरून काळाकुट्ट होता. मी ताबडतोब फोटो पाठवला आणि ग्रुपवर माझं कौतुक सुरू झालं.

बायको पडवीतून बघत होती. "नाव गावला?" तिने विचारलं.

"गावला. काळी मुसळी!"

"बरा झाला. आता तिका ठेवतल्यात खंय?"

मी ते रोप घाईघाईने पुन्हा पुरलं आणि शेजारी नावाची पाटी रोवली. यंदा पाऊस भरपूर झाला, पण तिथे काहीच उगवलं नाही. येणारे पाहुणे मात्र पाटी वाचून "अरे वा" म्हणतात आणि मीही मान डोलावतो.