रोटाचं गाणं आणि रेडिओ

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात रेडिओचं लहान केंद्र येणार, हे ऐकलं तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. सरकारच्या योजना आमच्या गल्लीत येतात त्या बहुधा खोदकाम होऊन. पण या वेळी खरंच दोन माणसं आली. सरकार रेडिओ वाढवणार आहे, भागाभागांत केंद्रं होतील, तिथल्या बोलीतले कार्यक्रम लागतील, असं त्यांनी समाजवाडीच्या हॉलमध्ये सांगितलं. आम्हा खानदेशी लोकांसाठी आठवड्यातून अर्धा तास अहिराणी. त्यात कानबाई देवीची गाणी म्हणायला एक बाई हवी होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. श्रावणात कानबाई बसली की गाणं मी उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. हे वर्षानुवर्षं चालत आलंय.

मी माइकपुढे बसले आणि गायले. त्या दोघांतल्या एकाने माइक लांब सरकवला, मग आणखी लांब.

"बेन, थोडा धीमे. माइक बहरा नहीं है."

बायका हसल्या. हळू गायला गेले तर सूरच हरवला. मी लूमच्या कारखान्यात पंधरा वर्षं बॉबिन भरल्या. तिथे शेजारणीकडे पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. हळू गाणं मला ठाऊकच नव्हतं.

मग माझी धाकटी जाऊ बसली. ती घरीच साड्यांना टिकल्या चिकटवते. तिचा आवाज ओट्यापासून दारापर्यंत पोचत नाही. तिने मीच शिकवलेली दोन गाणी माझ्या हेलासकट म्हटली. माइकला ती आवडली. कागदावर तिचं नाव लागलं.

केंद्राची परवानगी अजून यायची होती, पण जावेने घसा आत्तापासूनच सांभाळायला घेतला. लोणचं बंद, कोमट पाणी सुरू. ती लोणचं नको म्हणाली की मी दोन फोडी जास्त खायचे. गल्लीतल्या बायका तिला रेडिओवाली म्हणू लागल्या. मला वीस वर्षं गाऊनही कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

तिला तिसरं गाणं तयार ठेवायला सांगितलं होतं. ती माझ्याकडे आली.

"ताई, रोटनं गाणं सांगा ना. माले दोनच ओळी येतस."

"आते माले बी याद नई," मी भाकरी थापत म्हटलं.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ती कोमट पाण्याचा पेला उचलून गेली. खोटं बोलले याचं मला वाईट वाटलं नाही. ते पचलं नाही, याचं वाटलं.

श्रावणातल्या रविवारी कानबाई बसली. कणकेच्या रोटांचा नैवेद्य दाखवला आणि बायका माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या. नैवेद्य झाला की रोटाचं गाणं, हा आमचा नेम. गप्प बसले तर कानबाईचं गाणं चुकतं, गायले तर खोटं उघडं पडतं. जाऊ अगदी समोर बसली होती.

मी गायले. सगळी कडवी, नेहमीच्याच आवाजात. जावेने मांडीवर मोबाईल रेकॉर्डिंग लावून सरळ धरला होता. तिने तो लपवला नाही, मीही थांबले नाही. उलट चौथ्या कडव्यात सगळ्या चुकतात, ते मी दोनदा म्हटलं.

परवानगी अजून आलेली नाही. येईल तेव्हा ते गाणं तिच्या आवाजात लागेल. मी ऐकणार आहे. चौथ्या कडव्यात ती चुकली, तर निदान मला कळेल.