थंडाईची तपासणी

महाशिवरात्रीच्या थंडाईवर मी पहिल्यापासून संशय घेतला होता, हे आधी नोंदवून ठेवते.

ती आणली आजोबांचे मित्र बापू यांनी, थेट सायखेड्याहून. बाटली हिरवट. बापूंची नजर छताकडे.

"बापू, यात भांग आहे?"

"नाय हो वहिनी. बडीशेप हाय."

"इतकी हिरवी?"

"आमच्या मळ्यातली हाय ना."

आजोबा पेला घेऊन तयारच. "अगं, प्रसाद आहे."

सई, अर्णव, तुमचे आजोबा हृदयाच्या गोळ्या घेतात. त्यामुळे मी टॅबवर सगळं वाचून ठेवलं होतं. भांगेत टीएचसी असतं, ते डोकं फिरवतं आणि छाती धडधडवतं. त्यातल्याच सीबीडीने नशा होत नाही, पण काही औषधांचा परिणाम ते वाढवू शकतं.

"यात कुठलं किती आहे, बापू?"

"वहिनी, आम्ही फक्त साखर मोजतो."

मी पेला काढून घेतला. पण प्रसाद मोरीत कसा ओतायचा? म्हणून मी शास्त्रीय मार्ग धरला: स्वतः चमचाभर घ्यायची आणि परिणाम बघायचा. थोडी थांबले. काही नाही. वाटीभर घेतली. तरी काही नाही. (वेलदोडा मात्र सुरेख होता.) खात्री व्हावी म्हणून पेलाही संपवला, मग बाटली.

"निर्दोष आहे," मी जाहीर केलं. "बापू, माफ करा."

"मग मला दे," आजोबा म्हणाले.

"संपली."

पोटात गेलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात, हेही मी वाचलं होतं. ते आठवलं तेव्हा मी पंख्याकडे संशयाने बघत होते. तो मुद्दाम हळू फिरत होता.

तोंड कोरडं पडलं. छाती धडधडू लागली. भूक अशी लागली की सगळ्यांच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी मी एकटीने संपवली. आजोबा माझी नाडी धरून बसले.

"माझी एक गोळी देऊ का हिला?" त्यांनी बापूंना विचारलं.

"नको, परिणाम वाढेल," मी पंख्याला बजावलं.

बापूंनी हात जोडले. "वहिनी, खोटं नाय बोलत. बडीशेप मळ्यातलीच हाय. भांग तेवढी विकतची."

संध्याकाळपर्यंत मी ताळ्यावर आले. आजोबांचं हृदय ठणठणीत आहे, कारण त्यांना थेंबही मिळाला नाही. पण आता कुठलाही प्रसाद आला की ते आधी माझ्यापासून लपवतात.

"हिला दाखवू नका," म्हणतात, "हिला संशय आला की मागे काही उरत नाही."