वन्सं, मेंदू आणि भाजलेला बोंबील

नणंद भावजयीचं डोकं खाते, हे जगात सगळीकडे चालतं. पण भावजयीच्या डोक्यात आत काय काय भरलेलं आहे, हे तिलाच समोर बसवून समजावून सांगणारी नणंद बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत एकच असेल, आणि ती माझ्या वाट्याला आली. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न केलं नाही. मालाडच्या एका साड्यांच्या दुकानात त्या दुपारपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात, आणि पन्नाशी जवळ आली असताना त्यांनी सकाळचं कॉलेज धरलं. विषय मानसशास्त्र. त्यात मेंदूवर एक पेपर असतो. मेंदूमुळे माणूस कसा वागतो, कसा बोलतो, कशाला भितो, हे सगळं त्यात येतं. बाकीचे पेपर वन्संनी गिऱ्हाइकांशी बोलता बोलता सोडवल्यासारखे सोडवले. या एकाने मात्र त्यांना धरून ठेवलं.

पहिल्या दिवशी वर्गातल्या बाईंनी त्यांना पाहिलं आणि पालकांनी खाली ऑफिसात बसावं असं अदबीने सांगितलं. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "पालकच आहे मी," म्हणाल्या, "पण वडिलांची." वर्गातली पोरं हसली. त्या दिवसापासून ती त्यांना ताई म्हणायला लागली आणि वन्संच्या डब्यातल्या घावण्यांवर हक्क सांगायला लागली. वन्सं मला रोज जास्तीचे घालायला सांगत. शिकताना मेंदूला साखर लागते, म्हणत. ही साखर माझ्याच हातून तव्यावरून जायची हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

वडिलांची पालक हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना, बाबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक काळा फोटो उजेडाला धरला, इथे डाग आहे म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. वन्सं त्या डागाकडे अजून बघतच होत्या. घरी येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, डॉक्टरांना वेळ नाही ना, मग मीच शिकते. आम्हाला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. पण कॉलेजचे प्रवेश सुरू झाले तेव्हा त्या खरंच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

बाबांचं सगळं बोलणं गेलं होतं असंही नाही. एक शब्द उरला होता, "मेल्या". चहा दिला की मेल्या, फॅन लावला की मेल्या, देवाचा अंगारा लावला तरी मेल्या. मिलमध्ये असताना ते हा शब्द फार वापरत, म्हणून तो राहिला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. वन्संनी पुस्तकातून शोधून काढलं की सरळ बोलणं मेंदूत डाव्या बाजूला असतं, पण तोंडात बसलेल्या शिव्या त्याच्या आधाराशिवायही बाहेर पडतात. त्यांना केवढा आनंद झाला. सासूबाईंना झाला नाही. "जन्मभर देवापुढे बसले," सासूबाई म्हणाल्या, "आणि मेंदून ठेवल्यान काय, तर शिवी."

वन्संना बाकी काही नको होतं. बाबा त्यांना लहानपणापासून "बाय" म्हणत. दारातून आत आल्या की आधी ती हाक यायची, मग त्या चप्पल काढायच्या. ती हाक एकदा परत ऐकायची, एवढ्यासाठी तो सगळा अभ्यास चालला होता.

अभ्यासाची त्यांची रीत अशी, की जे वाचलं ते आधी मला सांगायचं. चौथी शिकलेल्या बाईला समजलं तर पेपर तपासणाऱ्याला समजेलच, असं त्या तोंडावर म्हणत आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण सांगत मात्र मनापासून. मी विळीवर फ्लॉवर घेतला की हात धरत. थांब, हा मोठा मेंदू, आणि खाली हा दांड्याजवळचा तुरा म्हणजे छोटा मेंदू, याने माणसाचा तोल राहतो. मग तोल गेलेला फ्लॉवर आम्ही वाटाण्यात घालत असू. घरात कोणी पाहुणा आला की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते, त्याचाही त्यांनी छडा लावला. भीतीचं ठाणं मेंदूत बदामाएवढं असतं म्हणे. बेल वाजली आणि मी ओट्याकडे पळाले की त्या बाहेरून म्हणत, "उठला गं बाई हिचा बदाम." पाहुण्यांना वाटे, बदाम येणार आहेत.

पुढे त्यांच्या पुस्तकात बक्षिसाचा धडा आला. जनावराने आपल्याला हवं ते केलं की लगेच खाऊ द्यायचा, म्हणजे ते पुन्हा तसं करतं. आधी दिला तर उपयोग नाही, कशाचं बक्षीस ते कळत नाही. हे त्यांनी माझ्याकडून परवच्यासारखं पाठ करून घेतलं, आणि मग बाबांना भाजलेला सुका बोंबील फार आवडतो हे त्यांना आठवलं. रोज सकाळी मी गॅसवर बोंबील भाजायचा, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या धाडधाड लावायच्या, आणि वन्संनी बाबांसमोर बसून ओठ मिटून दाखवायचे. ब म्हणायला ओठ मिटावे लागतात. बाबांनी ओठ मिटले की एक तुकडा. चार दिवसांत बाबा तरबेज झाले. आवाज काही नाही, पण भूक लागली की ओठ मिटायचे आणि वन्सं पुस्तक टाकून धावायच्या. सासूबाई दारात बसून हे पाहत. "कोण कोणाक शिकवता, ता देवाक म्हायत," म्हणाल्या.

पहिल्यांदा त्यांना केटी लागली, म्हणजे पेपर राहिला, तेव्हा त्यांनी खापर चित्रांवर फोडलं. पुस्तकात मेंदूचा प्रत्येक भाग वेगळ्या रंगाचा, खरा कुठे तसा असतो? म्हणून पुढच्या परीक्षेच्या आधी त्यांनी मटणवाल्याकडून बकऱ्याचा अख्खा भेजा आणला, मिठाच्या पाण्यात घालून डब्यात ठेवला आणि दुकानातून आल्यावर कापून बघू म्हणून गेल्या. मी दळण आणायला खाली गेले होते. सासूबाईंनी फ्रिज उघडला. आमच्याकडे, ज्याचं दुखतं त्याला तेच खायला घालावं, अशी जुनी समजूत आहे. लेकीने बापासाठीच आणला असणार, यात त्यांना शंका वाटली नाही. मी वर आले तेव्हा कांदा-खोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि बाबा डाव्या हाताने ताटली पुसून घेत होते.

रात्री वन्संनी रिकामा डबा पाहिला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतात. त्या बाबांच्या पलंगापाशी गेल्या आणि आईला हळूच विचारलं, "खाल्ल्यावर काही बोलले?"

"मेल्या म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. "पण दोनदा."

दोघी बाबांच्या तोंडाकडे बघत बसल्या. तेव्हा मला कळलं की पुस्तक शिकलेलीची आणि न शिकलेलीची आशा दिसायला सारखीच असते.

त्या परीक्षेत नेमका तो प्रश्न आला, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर बोलण्यावर काय परिणाम होतो. आणखीही प्रश्न होते. वन्संनी हा एकच लिहिला. बाबांचा हात, बाबांची शिवी, ओठ, बोंबील, सगळं लिहिलं, पुरवण्या जोडल्या, आणि घंटा वाजता वाजता तपासणाऱ्यालाच विचारलं की गेलेला शब्द परत येतो का, आणि यायचा असेल तर आणखी किती वाट बघायची. घरी आल्या त्या दमलेल्या आणि खूश. मी विचारलं, बाकीचे प्रश्न? म्हणाल्या, बाकीचे मला पडलेलेच नाहीत गं.

अर्थात नापास झाल्या. वर्गातल्या बाई भल्या होत्या. लिहिलंय ते बरोबर आहे, पण एवढं मागितलं नव्हतं, असं म्हणाल्या. वन्संनी तपासलेल्या पेपरची झेरॉक्स मागवली. मार्क वाढवून घ्यायला असेल असं माझ्या नवऱ्याला वाटलं. ती आली तेव्हा त्यांनी मार्कांकडे पाहिलं नाही, सरळ शेवटचं पान काढलं. तपासणाऱ्याने त्यांच्या प्रश्नावरून वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली होती. दुसरं काही नव्हतं. वन्सं ती रेघ उजेडाला धरून बघत राहिल्या, तो काळा फोटो बघितला होता तशाच.

त्यानंतर त्यांनी मला काही शिकवलं नाही. फ्लॉवर चिरताना कोणी हात धरत नाही. कॉलेज सोडलं असं त्या म्हणत नाहीत, विचारलं तर पुढच्या परीक्षेला बघू म्हणतात. पुस्तक जागेवर आहे.

परवा सकाळी मी नेहमीसारखा बोंबील भाजून दिला. वन्सं बाबांसमोर बसल्या. बाबा खिडकीकडे बघत होते, ओठ मिटलेले नव्हते. वन्संनी तुकडा मोडला आणि सरळ त्यांच्या तोंडात घातला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, आधी दिलात."

"असू दे," त्या म्हणाल्या. "आवडतो ना त्यांना."

आणि काटा लागू नये म्हणून दुसरा तुकडा बोटांनी अगदी बारीक करत बसल्या. मी आत येऊन आणखी एक बोंबील गॅसवर धरला. वरच्या बाईंनी खिडकी लावली.