आतून कडी लागणारी केबिन

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा साताऱ्यात आमच्या पेठेत ईमेल आली, आणि ती आली ती एसटीडी बूथवाल्याच्या दुकानात. त्याआधी अर्ध्या पेठेचा फोन तोच होता. लग्नपत्रिकांवर, विम्याच्या कागदांवर लोक त्याचाच नंबर टाकायचे आणि पुढे 'पीपी', म्हणजे दुसऱ्याचा फोन, निरोप द्यावा, असं लिहायचे. फोन आला की हा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून निरोप धाडायचा. संगणक आणल्यावरही त्याने तेच केलं. दुकानाच्या नावाने एक ईमेल काढली आणि पेठेला सांगितलं, हा घ्या तुमचा सगळ्यांचा पत्ता.

माउसला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही असा दंडक होता. आपण मजकूर सांगायचा, तो एका बोटाने टाइप करणार आणि मागची रांग फुकटच्या सूचना करणार. आलेली उत्तरं छापून तो काउंटरवरच्या तारेत टोचून ठेवी. त्याआधी वाचायचाच. न वाचता कळणार कसं कुणाचं आहे ते, हा त्याचा सवाल. माणूस मनाने चांगला. पण दुसरं दुकानच नव्हतं, त्यामुळे तो म्हणेल ती पूर्व दिशा.

मी तेव्हा पेठेतल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, तेही हंगामी. दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र मिळे आणि ते देणं-न देणं मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या हातात. घरात आई आणि मी, कमावती मी एकटीच. आधी एका शिक्षिकेने दुसरीकडे अर्ज केल्याचं बाईंना कळलं, तर पुढच्या जूनला तिचं पत्र निघालंच नाही. त्यामुळे पाचगणीच्या एका निवासी शाळेतल्या कायम जागेची जाहिरात दिसली आणि खाली 'अर्ज ईमेलनेच पाठवावेत' असं वाचलं, तेव्हा मला आनंदाआधी घाम फुटला.

दुपारी पेठ पेंगत असताना बूथवर गेले. कुणाला बोलू नका म्हणून परतपरत बजावलं. त्याने गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली.

पुढे थोड्याच दिवसांत चौकापलीकडे एका निवृत्त सुभेदारांनी दुसरं दुकान काढलं. प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येकीला दार, दाराला आतून कडी, आणि माउस चक्क गिऱ्हाइकाच्या हातात. त्यांनी मला माझं स्वतःचं खातं उघडून दिलं आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तसे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सीमेवरून घरी लिहिलेली आमची पत्रं आधी पलटणीतले साहेब वाचायचे, सुभेदार म्हणाले, बायकोला मनातलं लिहायची सवयच मोडली.

बूथवाल्याची गिऱ्हाइकं पांगायला लागली. मग त्यानेही दर उतरवले आणि संगणकाभोवती बायकोची जुनी साडी पडद्यासारखी टांगली. इतके दिवस आम्ही कुरकुर करत होतो तेव्हा ढिम्म हलला नव्हता. हल्ली खाजगीपणा आणि बाजारातली मक्तेदारी यांवरच्या कायद्यांबद्दल पेपरात लांबलचक लेख येतात. मला ते फारसे जड जात नाहीत, कारण ती साडी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पण माझा अर्ज जुन्या पत्त्यावरून गेला होता. नव्या खात्यावरून मी पाचगणीला नवा पत्ता कळवला खरा, पण त्याआधीच त्यांचं उत्तर बूथवर येऊन पडलं होतं.

बूथवाल्याने शपथ पाळली. त्याने फक्त नेहमीसारखा मला निरोप धाडला, आणि त्या वेळी समोरून जात होता आमच्याच शाळेचा शिपाई. मी वर्गात होते, म्हणून शिपायाने निरोप ऑफिसात दिला, की गणिताच्या बाईंना पाचगणीला मुलाखतीला बोलावलंय. दोघांच्याही मनात काही काळंबेरं नव्हतं. नंतर मी बूथवाल्याला चांगलं झापलं, तर तो म्हणाला, "आवं मॅडम, मी दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाई. तुमालाच तर निरोप धाडला."

तास संपल्यावर शिपायाने मोठ्या बाईंनी बोलावल्याचं सांगितलं आणि कशासाठी तेही हौसेने सांगितलं. माझी पाचावर धारण बसली. जिना उतरताना मी मनातल्या मनात आईला काय सांगायचं ते जुळवत होते.

बाईंनी शिपायाला बाहेर घालवलं, दार लोटून घेतलं.

"माझ्या मुलीला अमेरिकेच्या स्थळाचा नकार आला, तो स्टाफरूमला माझ्याआधी कळला होता. खरं ना?"

तो नकारही बूथवरच्या त्याच तारेवरून, याच शिपायाच्या तोंडून आला होता. चहाबरोबर चघळून झाला होता. मी मान खाली घालून हो म्हटलं.

"त्या सुभेदारांच्या दुकानात दार आहे म्हणे?"

"आहे. आतून कडीपण आहे."

"मग संध्याकाळी आम्हाला घेऊन चला. आणि मुलाखतीला जाल त्या दिवशीच्या रजेच्या अर्जात घरगुती काम लिहा. मी विचारणार नाही."

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं आणि उगाचच हसत सुटले. पुढे जूनमध्ये मी पाचगणीला रुजू झाले.

बाईंनी बोलावलं त्याच दिवशी संध्याकाळी त्या मुलीला घेऊन सुभेदारांच्या दुकानात आल्या. नकार आल्यापासून ती पोरगी घराबाहेर पडली नव्हती. सुभेदारांनी खातं कसं उघडायचं ते समजावलं आणि ते बाजूला झाले. बाई तिच्यामागे आत शिरणार होत्या. पण मुलीने दारात थांबून आईकडे नुसतं पाहिलं, आणि बाई माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. कडी लागली.

बराच वेळ आतून कीबोर्डची टकटक येत राहिली. मध्येच ती मोठ्याने हसली. बाई दचकल्या, अर्धवट उठल्या.

"कुणाला लिहितेय कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. मग पर्स मांडीवर घेऊन पाठ टेकून बसल्या. "लिहू दे."