चढाकडून घेतलेलं माप

नाकेदार काका झाडाचं मागच्या वर्षीचं माप कधी बघत नसत. मापवही उघडली की आधी खांद्यावरचा गमछा काढायचे, जुन्या आकड्यांचे रकाने त्याखाली झाकायचे आणि मगच टेप झाडाभोवती गुंडाळायचे. "मांगचा आकडा दिसला का हाताले लालच सुटते, बाई," ते म्हणत. "टेप आपोआप तिकडंच सरकते." आकडा ते दोनदा मोठ्यानं वाचत, ऐकणाऱ्यानं तो तिसऱ्यांदा म्हणायचा, मग लिहायचा. नव्या माणसाला हा सगळा पोरखेळ वाटे. मलाही वाटला होता.

वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. माझे बाबा बालाघाटला जंगल खात्याच्या कार्यालयात बाबू होते, आणि काका बैहरच्या डोंगरात, सरईच्या म्हणजे साल वृक्षांच्या जंगलात. तिथे खात्याने मापासाठी राखलेले दोन पट्टे होते, एक खाली नाल्याकाठी आणि एक थेट वर, पठाराच्या कडेला. तिथल्या प्रत्येक झाडाचा घेर काका दर हिवाळ्यात मोजत, आणि वीसेक वर्षं त्यात खंड पडला नव्हता. मी जबलपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. झाडांच्या वाढीवर प्रबंध लिहायचा होता, म्हणून बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं.

माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून, वसतिगृहात राहून. मराठी समजायची, पण बोलताना वाक्य पुरं व्हायचं नाही. काकांच्या क्वार्टरवर पहिले दोन दिवस मी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले. काकूंना काळजी वाटली.

"पोरगी बोलूनच नाई राह्यली वो."

"असू दे. सरई तरी कुठं बोलते?"

"सरई जेवाले तरी नखरे नाई करत," असं म्हणून काकूंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी हसले. त्या घरात माझं पहिलं मोकळं बोलणं म्हणजे ते हसणं.

मापवहीची मागची पानं काकांची स्वतःची होती. पहिला पाला, म्हणजे गोठलेलं दव, कोणत्या दिवशी पडला, हिवाळी पावसाचा मावठा आला की नाही, सरईला नवी पालवी कधी फुटली, असं सगळं त्यात बारीक अक्षरात होतं. वरच्या पट्ट्याशेजारी एक उघडं मैदान होतं. तिथली सरईची रोपं दर हिवाळ्यात पाल्यानं करपत आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटत. एका गुडघाभर रोपापुढे उकिडवं बसून काका म्हणाले, "हे पंधरा वर्षांचं हाये. दरसाल मरते अन् दरसाल उठते." अलीकडे मात्र पाला कमी झाला होता आणि रोपं वर चढू लागली होती. मला ही आनंदाची गोष्ट वाटली. काकांना तसं वाटत नव्हतं. "लहानगे जगून राह्यले, हे खरं. पण वरच्या म्हाताऱ्या झाडाइकडं पाय. मावठा येत नाई, उन्हाळा लांबून राह्यला. खाली खडक हाये, पाणी कुठून ओढतीन?" वरच्या झाडांची वाढ वर्षागणिक मंदावत होती, असं त्यांचे आकडे सांगत. हवामानबदल हा शब्द आमच्या वर्गातही तेव्हा क्वचितच ऐकू यायचा. काकांकडे शब्द नव्हता, आकडे होते.

घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा. त्यासाठी काकांनी तेवढ्याच उंचीची काठी केली होती. उतारावरच्या झाडाला काठी चढाकडच्या बाजूने टेकवायची, हा त्यांचा नियम. उताराकडून टेकवली तर टेप बुंध्याकडे खाली सरकते आणि झाड आहे त्यापेक्षा जाड दिसतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं.

वरच्या पट्ट्यावर शेवटच्या दिवशी काम उरलं होतं आणि ऊन उतरत होतं. "खालच्या चार रांगा तू घे," काका म्हणाले. पहिल्याच झाडाशी वाळक्या पानांवरून माझा पाय घसरला आणि मी सपशेल आपटले. काकांना हाक मारायची लाज वाटली. पुढे प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला तीच घसरडी पानं होती. मी खालच्या बाजूला उभी राहिले आणि काठी तिथेच टेकवली. सगळ्या चार रांगा तशाच मोजल्या. त्या रांगांची वही काकांनी माझ्याकडे दिली होती आणि जुने आकडे मीही ओढणीनं झाकले होते, त्यामुळे काही खटकलं नाही.

फेब्रुवारीत बालाघाटच्या कार्यालयात साहेबांनी आकडे ताडून पाहिले. काकांना बोलावलं होतं, मीही बाबांबरोबर गेले होते. माझ्या रांगांतली झाडं एका वर्षात भलतीच वाढली होती आणि शेजारची काकांची जागच्या जागी होती.

"वाह! बिटिया ने नापा तो पेड़ बढ़ गए, आपने नापा तो रुक गए!" साहेब हसले. मग हसू थांबलं. "इतने साल घर बैठे लिखते रहे क्या?"

"साहब, पेड़ से पूछ लीजिए," काका एवढंच म्हणाले.

काकांनी आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. सेवेचे दोनच महिने राहिले होते. वीस वर्षांची वही खोटी ठरणार होती आणि तिच्याबरोबर ते स्वतःही. माझी चूक मला त्याच क्षणी कळली. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी तशीच बाबांच्या मागोमाग बाहेर पडले.

तीन दिवसांनी मी बैहरची बस धरली. काका ओट्यावर बसले होते, समोर खुलाशाचा कोरा कागद. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत.

"मालूम हाये," ते म्हणाले. "मीच चुकलो का म्हणून काल वरतं पाह्यले गेलतो. काठीचे खड्डे झाडाच्या खालतच्या अंगाले हायेत. यंदा मावठा पडला असता तं बुजून गेले असते."

"मग लिहिलं का नाही?"

"कसं लिवू? लिवलं तं तुह्यावर येते, नाई लिवलं तं झाडाइवर येते." त्यांनी कागदाची घडी केली. "आता तूच आली तं चाल. झाडं कुठं पळाली नाईत."

आम्ही चारही रांगा पुन्हा मोजल्या. मी चढाकडे उभी राहिले आणि दोनदा पडले. दुसऱ्या वेळी काका म्हणाले, "लागलं का? नाई ना? मंग आकडा सांग." काम झाल्यावर त्यांनी गमछा उचलला. नवे आकडे जुन्यांच्या जेमतेम पुढे होते.

मला ते चुकीचं पान फाडायचं होतं. काकांनी हात आडवा धरला. "फाडाचं नाई. एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले खरं लिव अन् सही कर." मी सही केली. तेच पान घेऊन साहेबांपुढे उभी राहिले आणि चूक माझी आहे हे घाबरत घाबरत, पण पूर्ण वाक्यात सांगितलं. त्यांनी वही बराच वेळ चाळली. खुलाशाची मागणी मागे घेतली.

माझ्या प्रबंधात काही आलं असेल, तर ते काकांच्या आकड्यांतून आलं. आभाराच्या पानावर त्यांचं नाव सगळ्यांत आधी आहे. मागच्या हिवाळ्यात किरनापूरजवळ, त्यांच्या गावी, ते गेले. मला पत्रानं उशिरा कळलं. आठवतो तो त्यांचा सेवेतला शेवटचा दिवस.

त्या दिवशी वरच्या पट्ट्यावर ते नव्या नाकेदाराला वही सोपवत होते. बाबा आणि मीही गेलो होतो. काकांनी आधी माझं पान उघडलं. माझे कान तापले. वाटलं, आता सगळ्यांसमोर सांगणार.

त्यांनी सांगितलंच. "हे पान पाय. इथं चूक झालती. जिची चूक, तिनं सोताच येऊन दुरुस्त केली, हे तिची सही." मग वह्यांचा सगळा गठ्ठा त्यांनी त्या तरुणाच्या हातात दिला. "कोणी म्हणलं का हे आकडे घरी बसून लिवले, तं त्याले हे पान दाखवजो."